नऊ क्लोन, एक आवाज

जिन्याखाली उभी राहून मी मरायचा सराव करत होते. तिसरी किंकाळी अर्ध्यावर असताना एक उंच तरुण आग विझवायचं नळकांडं उगारून धावत आला.

"कुठंय तो?"

"कोण?"

"तुम्हाला मारणारा."

"मीच. म्हणजे… माझा पाचवा क्लोन."

तो कानापर्यंत लाल झाला. हा तोगाशी, आमच्या स्टुडिओतला नवा साउंड इंजिनियर.

आमची अ‍ॅनिमेशन मालिका भयाची. एका मुलीचे नऊ क्लोन, आणि त्यातला पाचवा म्हणतो, मी मुलगा आहे. नऊही आवाज माझेच. आमच्या धंद्यात मुलग्यांचे आवाज बायकाच देतात; मी दहा वर्षं तेच करतेय. आई म्हणते, अशा घोगऱ्या पोरीला कोण पत्करणार.

मंगळवारी दिग्दर्शक कुरोइवासान म्हणाले, "मिझुहोसान, तुम्ही एकीचाच आवाज द्या. बाकीचे आठ मशीन काढेल. शेवटी क्लोनच ना? ऐकणाऱ्याला काय कळतंय."

आठ भूमिका तर चालल्याच होत्या, पण त्याहून वाईट म्हणजे मला वाटलं, यांचं बरोबरच असेल.

"मला कळतं," रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपलीकडून तोगाशी म्हणाला.

कुरोइवासाननी त्याला पाठमोरं बसवलं. पाचव्याचं एकच वाक्य दहादा वाजवलं, कधी माझं, कधी मशीनचं. "मी मुलगा आहे." त्यानं दहाही वेळा बरोबर ओळखलं.

"कसं काय?"

"मशीन बोलून मोकळं होतं. या… आधी जरा घाबरतात. आई रागावेल म्हणून घाबरावं तसं. आणि मग बोलतात."

कुरोइवासाननी डोकं खाजवलं. "घाबरणं तर हवंच मला," ते म्हणाले. "नऊही तुम्हीच करा."

संध्याकाळी पावसात स्टेशनकडे जाताना आम्हा दोघांत छत्री एकच होती, त्याची. तो अर्धा भिजत होता.

"सगळ्यांचं इतकं लक्ष देऊन ऐकता?"

"सगळ्यांचं कामापुरतं. तुमचं… काम संपलं तरी कानात राहतं."

मला तो आवडत होता. जिन्याखालीच आवडला होता, खोटं कशाला बोलू.

"तोगाशीसान, जेवायला येता?"

"येतो. पण आडनाव आणि वर मानाचं 'सान' नको. नाओतो म्हणा."

नऊ जणांचे आवाज काढणारी मी एका नावापाशी अडखळले. पहिल्यांदा नुसता श्वास आला. दुसऱ्यांदा अर्धंच नाव.

"चालेल," रेकॉर्डिंगच्या वेळी काचेमागून म्हणतो तसं तो म्हणाला. "आणखी एकदा."

"नाओतो."

या वेळी काहीच चुकलं नव्हतं. तरी छत्री माझ्या बाजूला कलवत तो हळूच म्हणाला, "आणखी एकदा."