सावली पडणार नाही अशी जागा

मासे धुतलेलं पाणी फेकायला मी बाहेर आले आणि ते जवळजवळ त्याच्या अंगावरच ओतलं असतं. आमच्या दारात जागेवाल्याचं, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचं, देऊळ आहे, एका खांबावर उभं, माझ्या खांद्याइतकं उंच. त्याच्यामागे हा उकिडवा बसून जमिनीवर बोट फिरवत होता.

"काही हरवलंय का?"

"नाही... सावली बघतोय." तो उठला, गुडघे झटकले आणि हसला. "पेज मिळेल?"

हसणं छान होतं. म्हणून तर मला संशय आला.

थायलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या हुआ हिनमधली हॉटेलं शंखातल्या खेकड्यांसारखी घरं बदलतात. आज इथे खेकड्याची भजी मिळतात, तर उद्या तिथे मसाजवाली बसलेली असते. आमची माशाची पेज मात्र मी जन्मल्यापासून धक्क्याजवळच्या याच गल्लीत शिजते. ओटा बाबांनी स्वतः बांधलाय. बाबा गेले, ओटा आहे. तो सोडून जायची वेळ आली तर मी जिवंतपणी मरेन, असं मी आईला कितीदा तरी सांगून ठेवलं होतं.

आणि हा माणूस मी आधी पाहिला होता. कोपऱ्यावरच्या जर्मन सॉसेजवाल्याच्या देवळासमोर उभा होता, पुढच्या महिन्यात सॉसेजवाला ताकियाबच्या टेकडीकडे गेला. नूडल्सवालीकडे दिसला, तिचंही शटर खाली. शेजारची वान्नी मावशी आंब्याचा भात विकता विकता गावभरच्या बातम्या गोळा करते. तिने कानात सांगितलं, "नामतान, हा जिथे दोनदा जेवतो ना, तिथली टेबलं उचलली जातात बघ."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. लाल सोड्याची बाटली उघडून, त्यात स्ट्रॉ घालून त्याने देवासमोर ठेवली, हात जोडले आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसला.

"आमच्या देवाला लाच देताय?" मी पेज आदळली.

"ओळख वाढवतोय. देवाशी आधी, मग..." त्याने वर पाहिलं. "लसूण जरा जास्त घालाल?"

"नाव काय तुमचं?"

"पाकोर्न."

"कोणी पाठवलंय तुम्हाला, पाकोर्न? जागामालकाने?"

"नाही."

"मग कोणी?"

"ते सांगता येत नाही."

"रोज तेच खाता. कंटाळा येत नाही?"

"पेजेचा? येतो की." तो चमचा फिरवत राहिला. "पण वाढणारी रोज नवीन कारणाने चिडलेली असते. त्याचा नाही येत."

माझे कान तापले. चुलीपुढे उभी होते ना, म्हणून. मी त्याच्या वाटीत ओंजळभर तळलेला लसूण टाकला आणि आत जाऊन स्वतःवरच वैतागले.

असं बरेच दिवस चाललं. तो यायचा, सावली बघायचा, पेज खायचा. मी त्याच्यावर नजर ठेवायची... जरा जास्तच ठेवायची. त्याची बोटं सिमेंटने खरखरीत झालेली, मनगटावर देवळातला पांढरा दोरा. पाऊस आला की तो स्वतः भिजायचा आणि छत्री देवावर धरायचा. दलाल असा वागतो का? पण चांगला दलाल असाच वागणार!

शेवटी एका सकाळी आमच्या देवळाच्या खांबाला तो टेप लावून मापं घेताना दिसला आणि माझा धीर सुटला. तो गेल्यावर मी उदबत्ती पेटवली. "देवा, या माणसाला इथून घालव. लाल सोड्याच्या नऊ बाटल्या देईन, झेंडूची माळ घालीन आणि तुझ्यासमोर स्वतः नाचेन."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आता खूश व्हायला हवं होतं ना मी? मी मात्र त्या खुर्चीत कुणी बसलं की विनाकारण टेबल पुसायला जायची. पेजेत मीठ दोनदा पडलं. आठवडा संपला तेव्हा आईने माझ्या हातातला डाव काढून घेतला.

"त्याला काय बोललीस तू?"

"कोणाला?"

"पाकोर्नला. मी बोलावलं होतं त्याला. जागा बदलणाऱ्यांची देवळं नव्या जागी बसवतो तो." आई हळूच खाली बसली. "ही जागा विकली गेलीय गं. सोंगक्रानचा, नव्या वर्षाचा सण झाला की रिकामी करायची. जागेवाल्याचं ठिकाण ठरल्याशिवाय आपण कुठे चूल मांडणार?"

"सगळ्या गावाला ठाऊक आणि मला नाही?"

"गावाला कुठे ठाऊक आहे? आधी देवाला सांगायचं, मग माणसांना. तोही त्याच रीतीने चालतो, म्हणून गप्प. आणि तुला सांगितलं असतं तर तू देवाशीसुद्धा भांडली असतीस."

मी रडले. बाबांच्या ओट्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. आईने रडू दिलं. मग म्हणाली, "जुना देव कसा बसलाय ते बघायचं काम एका दिवसाचं असतं. बाकीचे दिवस कशाला येत होता, ते त्यालाच विचार."

विचारू कसं? त्याला घालवायचा नवस मीच बोलले होते, आणि तो पुरा झाला होता. न फेडता देवाला हलवलं तर तो आमच्याबरोबर येईल तरी का? फेडला, तर पाकोर्नचं जाणं कायमचं होणार. दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी दुपारी नऊ बाटल्या मांडल्या, माळ घातली आणि एप्रनसकट नाचायला लागले. वान्नी मावशीने टाळ्यांचा ठेका धरला. सरी येऊ लागल्या, तरी मी थांबले नाही. डोळ्यांतलं पाणी त्यात खपून जात होतं.

एकाएकी पाऊस लागेनासा झाला. देवावर आणि माझ्यावर मिळून एकच छत्री होती.

"कसला नवस?" पाकोर्न भिजत उभा होता.

खोटं बोलायची सोय नव्हती, देव समोर होता. "तुम्ही इथून जावं, असा."

टाळ्या थांबल्या. तो म्हणाला, "मी परत आलोय. म्हणजे देवाने अर्धंच ऐकलं. अर्धाच नाच पुरे."

"कुठे होतात इतके दिवस?"

"तुमच्यासाठी जागा बघत. रेल्वे फाटकापलीकडे आहे एक. देवावर घराची सावली पडून चालत नाही, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचो. तुमचा ओटाही हलेल. माझा मिस्त्री तो अख्खा उचलायला तयार आहे."

ओटा! बाबांचा ओटा! पण त्याची नजर चुकली ती मी बरोबर पकडली. "आणखी काय? लपवू नका."

"त्या जागेच्या शेजारी..." त्याने छत्रीचा दांडा या हातातून त्या हातात घेतला. "माझं घर आहे."

"म्हणजे जागा देवासाठी पाहिलीत की...?"

"देवासाठीच! सावलीला विचारा."

"विचारणारच आहे. दिवसभर बसून."

दुसऱ्या दिवशी मी खरंच जाऊन बसले. चिंचेखाली चटई, डब्यात पेज, शेजारी तो. त्याने देवळाच्या जागी काठी रोवली होती. दुपार झाली, गाडी धडधडत गेली, घराची सावली काठीच्या आसपासही फिरकली नाही.

"काल तू गेल्यावर मी नवा नवस बोलले," मी काठीकडे बघतच म्हणाले.

"काय?"

"तू कधी जाऊ नयेस."

त्याचा चमचा डब्यातच राहिला. "आणि फेडायचा कसा?"

"या वेळी दोघांनी नाचायचं. देवाला सांगून झालंय, आता तुला विचारून काय उपयोग?"

तो इतका हसला की चिंचेवरच्या साळुंक्या उडाल्या. मग त्याने आपला खरखरीत हात माझ्या हाताशेजारी ठेवला, अगदी जवळ, पण न टेकवता.

"म्हणजे आता बसला माझ्यावर विश्वास?"

मी ते मधलं बोटभर अंतर मिटवलं आणि पुन्हा काठीकडे पाहिलं.

"संध्याकाळ व्हायचीय अजून."