कोपऱ्यावरचं अक्षर

धुकं एवढं होतं की माझ्या हातातली पाटी मलाच वाचता येत नव्हती. ‘ट्रेव्हॅरोंची पास्टी विकत घेऊ नका’ – हे मीच लिहिलं होतं, मीच रंगवलं होतं, आणि त्या दिवशी ते वाचायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाकीच्या मंडळींनी फोन करून कळवलं होतं, थंडी फार आहे गं, तू हो पुढे. पुढे म्हणजे मी एकटीच.

बहिष्काराचा चौथा आठवडा. लेक सुपीरियर या अफाट सरोवरावरून धुकं चढत होतं आणि त्यातून भट्टीचा वास येत होता. पास्टीत भरतात ते मांस, कांदा, सलगम, मिरपूड... गिऱ्हाईक एक नाही, तरी ती भट्टी रोज पहाटे पेटायची आणि सबंध गावावर तो वास पसरायचा. लोक म्हणायला लागले होते की म्हातारा जागो ट्रेव्हॅरो मेला तरी भट्टी सोडत नाही. मी असल्या गप्पांना हसायचे. आता एकटी उभी असताना मात्र हसू येत नव्हतं.

दुकानाच्या दारावरची घंटी वाजली. दार काही उघडलं नाही. मी वळून पाहिलं, तर कोणी नाही. मग जरा वेळाने खरंच दार उघडलं आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन एक उंच मुलगा बाहेर आला.

“तुमचे ओठ निळे पडलेत,” तो म्हणाला.

डेन्झिल ट्रेव्हॅरो. जागोचा मुलगा, ट्रेव्हॅरोंच्या सहा दुकानांचा आताचा मालक, आणि आमच्या पत्रकातला खलनायक. एप्रिलमध्ये बापाच्या अंत्यविधीला डेट्रॉइटहून आला तो परत गेलाच नाही.

“माझ्या ओठांशी तुम्हाला काय करायचंय?” मी म्हटलं. म्हटल्यावर लक्षात आलं काय बोलले ते. कान गरम झाले.

तो हसला नाही, पण हसू दाबलं हे दिसलं. “हे घ्या. खाऊ नका हवं तर. हात शेका.”

“आमचा बहिष्कार आहे.”

“विकत घेण्यावर. मी तुमचं पत्रक तीनदा वाचलंय, फुकट मिळालेल्याबद्दल त्यात एक शब्द नाही.”

“तीनदा कशाला वाचलंत?”

“गिऱ्हाईक नसतं ना... वेळ बराच मिळतो.”

मी पास्टी घेतली. ऊब थेट कोपरापर्यंत चढली. करंजीसारखी मुरड, आणि एका कोपऱ्यावर कणकेचंच बसवलेलं अक्षर – ‘डी’. ज्याची पास्टी त्याच्या नावाचं अक्षर, ही खाणीच्या काळातली रीत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोपरा शेवटपर्यंत हातात धरायचा, खायचा नाही. खाणीत भिंतीमागून ठोकणाऱ्या भुतांसाठी तो सोडायचा. ते खूश असले की दरड कोसळायच्या आधी ठोकून सांगतात म्हणे.

“ही तर तुमची आहे,” मी म्हटलं.

“मला रोज एक जादा मिळते,” तो म्हणाला.

मी काचेतून आत पाहिलं. खिडकीजवळच्या टेबलावर एका ताटलीत पास्टी वाफाळत होती. तिच्यावर ‘जे’. समोरची खुर्ची रिकामी. लोवेना ट्रेव्हॅरो, म्हणजे डेन्झिलची आई, त्या खुर्चीशी वाकून काहीतरी सांगत होती आणि मधूनमधून मान डोलावत होती. पलीकडून कोणी उत्तर दिल्यावर डोलावतात तशी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“बाबांसाठी रोज वाढते,” डेन्झिल म्हणाला. “बघू नका तिकडे... प्लीज.”

दुपारी घरी निघताना माझी नजर गेलीच. ताटली रिकामी होती. ‘जे’चा कोपरा तेवढा उरला होता.

आता मी त्या दारात का उभी होते ते सांगते. माझे बाबा, व्हेइको कांगास, जंगलात ओंडका पाठीवर पडून आडवे झाले ते अकरा वर्षांपूर्वी. गांजाची एक चौकोनी गोळी चघळली की त्यांना आठ तास माणसासारखं जगता येतं. त्या नोव्हेंबरात गांजा खुला करायचा की नाही यावर राज्यात मतदान झालं. आम्ही जिंकलो. आमच्याकडे राजकारणात कोणी किती पैसे ओतले ते लपत नाही, सरकारी यादीत नाव, गाव, धंदा सगळं छापून येतं. यादीत विरोधकांचा आमच्या भागातला सगळ्यात मोठा देणगीदार निघाला जागो ट्रेव्हॅरो, पास्टीवाले. साठ हजार डॉलर. म्हणजे आम्ही त्याची पास्टी खायची आणि त्याने त्याच पैशांनी माझ्या बापाची झोप हिरावायची? माझं डोकंच फिरलं. म्हातारा मेलाय हे सगळ्यांना माहीत होतं. मरायच्या आधी दिले असतील, आम्हाला काय, दुकान तर आहे ना. आणि गावाच्या बैठकीत कोणी विचारलं तेव्हा डेन्झिल शांतपणे म्हणाला होता, “हो, देणगी आमचीच.” संपला विषय.

पण त्या फुकटच्या पास्टीनंतरचे आठ दिवस विषय काही संपेना. रोज दुपारी घंटी वाजायची, कधी तो यायच्या आधीच वाजायची, आणि तो कॉफी घेऊन बाहेर यायचा.

“आज पाटी उलटी धरली आहेस,” एकदा म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, कळलं नाही.

“मुद्दाम धरली. धुक्यात काय फरक पडतो?”

“मला पडतो. मी आतून वाचत असतो.”

“पाटी?”

“नाही,” तो म्हणाला. एवढंच. कॉफी माझ्या हातात देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जराशी रेंगाळली आणि मी दिवसभर पाटीवरचं एक अक्षर धड वाचू शकले नाही. शत्रूवर जीव जडत होता. लाज वाटत होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपार कधी होते असंही होत होतं.

मग मी ती यादी उघडली. नव्या पत्रकात नेमक्या तारखा घालायच्या होत्या म्हणून. जागोच्या नावापुढे एक नाही, तीन देणग्या होत्या. फेब्रुवारी, जून आणि सप्टेंबर.

जागो एप्रिलमध्ये गेला. शवपेटीपुढच्या रांगेत मी स्वतः उभी होते. त्याचे पांढरे हात मी पाहिले होते.

मेलेला माणूस जूनमध्ये देणगी कशी देतो? मी खिडकी लावली, पडदा ओढला, तरी पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी डेन्झिल कॉफी घेऊन आला तेव्हा मी यादीचा कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तारखा पाहिल्या आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो मला दुकानामागे पाण्याकडे घेऊन गेला. पाणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

“आई सही करते,” तो म्हणाला. “बाबांच्या नावाने. मी विचारलं तर म्हणाली, त्यांनीच सांगितलं, मी काय मनाने देते का? तिच्यासाठी ते गेलेलेच नाहीत, हेल्मी. समोर बसतात, बोलतात...”

“आणि ती पास्टी?”

“मी खातो. ती दुपारी आडवी झाली की गुपचूप. ताटली भरलेली दिसली तर तिला कळेल ना. मेलेल्याच्या नावाने सही म्हणजे पोलीस, कोर्ट, वर्तमानपत्रं. तिला उचलून कुठल्यातरी संस्थेत ठेवतील. म्हणून म्हटलं, देणगी आमचीच.”

“महिनाभर लोक तुला शिव्या देतायत. माझ्यामुळे.”

“मला पचतात. तिला नाही पचणार.” मग अगदी हळू म्हणाला, “मी होकाराचं मत दिलं होतं, माहितीये? तुझ्याच बाजूचं.”

मला हसू फुटलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम. काय गाढव मुलगा!

“शनिवारी भट्टी विझवतोय,” तो म्हणाला. “आता नाही परवडत. विझली की ती रोज पास्टी कुठे भाजणार... आणि त्या खुर्चीसमोर काय ठेवणार? तेव्हा तिला कळेल. मला त्या दिवसाची भीती वाटते.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “तू सांगणार आहेस का सगळ्यांना?”

खरं सांगितलं असतं तर बहिष्कार एका दिवसात उठला असता. दुकान वाचलं असतं आणि लोवेना संस्थेत गेली असती.

“नाही,” मी म्हटलं. पुढे काय करायचं ते मात्र मला माहीत नव्हतं.

शनिवारी बहिष्कारवाली मंडळी झाडून हजर. दुकान बंद पडणार म्हणून बारा जण, बारा पाट्या, थर्मासमधून गरम चॉकलेट. मार्लिस, माझी शाळेपासूनची मैत्रीण, सगळ्यांत पुढे. धुकं होतंच. मी पाटी भिंतीला टेकवली आणि दाराकडे निघाले.

“हेल्मी, कुठे निघालीस?” मार्लिस म्हणाली.

“पास्टी विकत घ्यायला. भूक लागली.”

“महिनाभर नव्हती ती?”

“होती. रोज होती.”

“भूक कसली ते दिसतंय. कॉफी कोण आणून देतं ते सगळ्या गावाने पाहिलंय. बापाची पाठ विकलीस त्या मुलापायी.”

यावर सांगण्यासारखं एकच होतं, आणि तेच सांगायचं नव्हतं. मग मागून काठीचा आवाज आला. बाबा. बर्फावरून, एक एक पाऊल टाकत.

“माझ्या पाठीसाठी तुम्ही उभे राहिलात,” ते म्हणाले, “उपकार झाले. मतदान जिंकलो आपण. आता ती पाठ मला सांगतेय की आत बसायला खुर्च्या आहेत.” आणि माझा हात धरून आत शिरले. मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी काय ओळखलं, देव जाणे.

नंतर एक एक करत आठ जण आले. काउंटरवर रांग लागली, डेन्झिलला मान वर करायला फुरसत नव्हती. मार्लिस आली नाही. ती आजही माझ्याशी बोलत नाही.

लोवेना दोन ताटल्या घेऊन आली. एक तिने खिडकीच्या टेबलावर ठेवली, अख्खी, वाफाळती, ‘जे’ची. दुसरी माझ्यापुढे. तिच्यावर ‘एच’ होतं.

“जागो म्हणाला, ती पोरगी रोज बाहेर कुडकुडते, एक तिच्या नावाची टाक,” ती म्हणाली आणि माझा हात हातात घेऊन शेजारी बसली. तिचे हात उबदार होते, पिठाने माखलेले. “आणि म्हणाला, हरलो तर हरलो, आता कोणाला पैसे द्यायचे नाहीत. हट्टी आहे, पण खिलाडू.”

“मिसेस ट्रेव्हॅरो, माझं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगितलं ना आत्ता,” ती म्हणाली.

रांग संपली तेव्हा भट्टी पेटतीच होती, आणि डेन्झिल हात पुसत आमच्याकडे आला आणि मधेच थांबला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. खिडकीकडे पाहत होता. मीही पाहिलं.

ताटली रिकामी होती. कोपरा तेवढा उरला होता.

लोवेना माझ्या शेजारून हललेली नव्हती. बाबा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, आणि गिऱ्हाइकं सगळी काउंटरपाशी.

“तू...?” मी ओठांनीच विचारलं.

“सकाळपासून काउंटर सोडलेलं नाही,” तो म्हणाला आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. टेबलाखाली त्याने माझा हात शोधला. त्याचा थंडगार, माझाही. “हेल्मी, मी आज तुला एक विचारणार होतो. पण आता भीती वाटतेय.”

“कशाची?”

“बाबा ऐकतायत.”

“मग मोठ्याने विचार,” मी म्हटलं. हात मी सोडला नाही. “माझं उत्तरही त्यांना ऐकू जाऊ दे.”

त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग माझ्या पास्टीचा ‘एच’चा कोपरा मोडला, उठून खिडकीशी गेले आणि ‘जे’च्या शेजारी ठेवला. खुर्चीची पाठ हाताला लागली. कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी ती गरम होती. दार बंद होतं, तरी दारावरची घंटी एकदा वाजली, आणि लोवेना त्या दिशेने बघत म्हणाली, “आलाच परत. त्याला भट्टीकडे बघायचं असतं ना.”