रिकाम्या पोर्टचा करंट

आधीच सांगते, हे माझ्याच घरात घडलंय. ऐकीव नाही. ज्यांना यात खोट काढायची असेल त्यांनी खुशाल काढावी, पण आधी हातात मीटर धरून बघावं आणि मग तोंड उघडावं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं माझं दुकान आहे. वस्तू बिघडते त्याला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत मी उठत नाही, हा माझा खाक्या.

गेल्या थंडीतली गोष्ट. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर आमचं घर. मागच्या खोलीत आई झोपून असायची. कमरेचं हाड मोडल्यापासून तिला एकटीला उठायची परवानगी नव्हती, आणि परवानगी नसलेली गोष्ट करायची तिला भारी हौस. म्हणून मी तिच्या कपाटावर एक छोटा कॉम्प्युटर बसवला. पत्त्यांच्या कॅटएवढा उघडा बोर्ड. त्याच्या यूएसबी पोर्टांना कॅमेरा, माइक आणि गादीखालची, वजन ओळखणारी एक पट्टी जोडली. आई उठायला लागली की खाली दुकानात माझा फोन वाजायचा.

छान चाललं होतं.

एका संध्याकाळी फोन वाजलाच नाही... आणि वर धप्पकन आवाज आला.

धावत गेले तर आई पलंगाशेजारी जमिनीवर बसलेली. नशिबाने लागलं नव्हतं. "तुझ्या त्या डबीचा डोळा लागला वाटतं," म्हणाली.

बोर्डाला जोडलेल्या छोट्या स्क्रीनवर, कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह लुकलुकत होतं. म्हणजे पॉवर कमी पडतेय. पोर्टांना पॉवर पुरली नाही की जोडलेल्या वस्तू मान टाकतात. आमच्या धंद्यातला रोजचा आजार. मी अडॅप्टर बदलला. केबल बदलली, कारण बारीक केबल निम्मी पॉवर वाटेतच खाते. दिवसभर सगळं ठणठणीत. पण संध्याकाळ झाली की...

पिवळं चिन्ह.

मग मी एकेक वस्तू काढत गेले. कॅमेरा काढला. माइक काढला. पट्टी काढली. सगळे पोर्ट रिकामे झाले, तरी चिन्ह जाईना. रिकाम्या पोर्टाकडे कोणी मेकॅनिक बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. पण आता दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून यूएसबी मीटर घेतलं. बोटाएवढी वस्तू, किती करंट जातोय ते दाखवते. रिकाम्या पोर्टात खुपसली. पुढे काहीही जोडलेलं नव्हतं. आकडा शून्य यायला हवा.

आला नाही.

फोन चार्जिंगला लावल्यावर दिसतो तेवढा आकडा. तो हळूच वर जायचा... थांबायचा... खाली यायचा.

झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा.

मीटर बदललं. दुसऱ्यावरही तेच.

"मावशी, इथे कोणी काही लावलंय का?" आई पडली त्या संध्याकाळनंतर दिवसभर तिच्याजवळ ठेवलेल्या बाईंना मी विचारलं.

"मी कशाला हात लावू, ताई? मला तर त्या कपाटाजवळ उभं राहवत नाही. अंगातलं कोणी ओढून घेतंय असं वाटतं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही हसला असता."

हसले असते, खरंच.

माझं डोकं सटकलं. बोर्डाची वायर उपटली आणि तो खाली दुकानात नेऊन ठेवला. म्हटलं, आता बघू कशातून खातोस.

अंधार पडायच्या आतच जिन्यावरून मावशींची हाक आली. "ताई, लवकर वर या..."

आई पांढरीफटक पडली होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. हात बर्फासारखे गार. डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, अशक्तपणा आहे म्हणाले. ते गेल्यावर तिच्यावर लक्ष राहावं म्हणून मी बोर्ड आणून पुन्हा जोडला. कोपऱ्यात पिवळं चिन्ह आलं...

आणि आईने डोळे उघडले.

"पाणी दे गं," म्हणाली.

मला जे कळलं ते कळायला नको होतं. इतके दिवस बोर्ड बिघडलेला नव्हताच. कोणीतरी ओढत होतं, आणि तो आईच्या वाटचं सोसत होता.

आमच्या धंद्यात बिघाड पुन्हा घडवून बघितल्याशिवाय खरा मानत नाहीत. पण ही चाचणी आईवर करायची? मला धीर होईना. शेवटी तीच म्हणाली, "काढ ती वायर. मी आहे ना."

"आई, वेडेपणा करू नकोस."

"असं चोरून काय पितोय मेला! हिंमत असेल तर समोर ये म्हणावं. काढ तू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एका हातात तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने वायर काढली.

आधी तिच्या बोटांची टोकं गार पडली... मग तळवा... मग गारवा मनगटाच्या वर सरकायला लागला. खोलीत कसलाच आवाज नव्हता. आईचा श्वासही ऐकू येईना. आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे कोणीच नव्हतं...

गादी हळूहळू दबली.

मी वायर खुपसली.

गादी वर आली. आईच्या हातात ऊब परतली. ती घामाने भिजली होती, तरी मलाच म्हणाली, "घाबरलीस? दोघी मिळून त्याला पुरून उरू."

मी रडले. मग चिडले. इतकी चिडले की भीतीला जागाच राहिली नाही.

नातेवाईक म्हणाले, घर बदला. का बदलू? घर माझं, आई माझी. मी स्वतंत्र अडॅप्टरवाला मोठा यूएसबी हब आणला, म्हणजे पुष्कळ पोर्ट असलेली पट्टी. आईची पट्टी, कॅमेरा, माइक बोर्डावरच ठेवले. हब शेजारी, सगळे पोर्ट रिकामे. लाइट गेली तर चालावा म्हणून त्याला बॅटरीही लावली. आणि त्या रिकाम्या पोर्टांकडे बघून ठणकावून सांगितलं, "हे घे. हवं तेवढं ओढ. पण पलंगाकडे वळलास तर गाठ माझ्याशी आहे."

त्या दिवसापासून बोर्डावर पिवळं चिन्ह नाही. आई आता काठी घेऊन दारापर्यंत जाते. अर्थातच न विचारता.

ते काय आहे, कुठून आलं, मला आजही माहीत नाही. हबला लावलेल्या मीटरवरचा आकडा मात्र वाढत चाललाय. मी मोठा अडॅप्टर आणला, मग त्याहून मोठा. परवा संध्याकाळी त्यानेही मान टाकली, पाठोपाठ बॅटरीनेही...

मी धावत जाऊन आईचा हात धरला.

गरम होता.

"तुझाच हात किती गार लागतोय गं," ती म्हणाली.

तेव्हापासून माझी उजव्या हाताची बोटं काही केल्या ऊब धरत नाहीत. हे सगळं मी डाव्या हाताने टाइप केलंय. मावशी म्हणतात, ताई, आता तरी त्याच्यापुढे हात जोडा.

नाही जोडणार. आईपेक्षा माझ्यात पुष्कळ शिल्लक आहे. ओढ म्हणावं. बघू, कोण आधी थकतं.