ढगातलं आणि तोंडातलं

बुवांनी ओळ टाकली आणि पेटी वाजलीच नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. महाल भागातल्या विठ्ठलमंदिरात कीर्तन सप्ताह होता आणि मी उमरेडहून खास त्यासाठी रुखमामामीकडे आले होते. कीर्तन म्हटलं की मला तहानभूक राहत नाही, अगदी लहानपणापासून. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत मी, शेजारी कापसाच्या वाती वळत मामी. बुवांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, चिपळ्या वाजवल्या, बाजूला पाहिलं. पेटीवाला मान खाली घालून बसलेला... हात भात्यावर आणि जीव भलतीकडेच.

ओळ मला पाठ होती. राहवेना. माझ्या तोंडून सूर निघूनच गेला.

अख्खा मंडप वळला. पेटीवाला दचकला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझाच सूर धरून वाजवायला लागला. बुवा हसले. म्हणाले, "आज पेटीले पोरीनं जागं केलं." मामीनं मला असा चिमटा काढला की पुढच्या दोन ओळी डोळ्यांतल्या पाण्यातूनच ऐकल्या.

कीर्तन सुटल्यावर चपला शोधत होते, तर तो समोर.

"वाचवलं तुम्ही. बुवा मले पेटीवरून उठवूनच देत होते आज."

"झोप लागली होती काय?"

"नाही जी. वाचून राहिलो होतो."

पदांच्या वहीखालून त्यानं एक रंगीत पुस्तक काढलं. वर चित्रात नदी, नावेत एक नावाडी आणि पाण्यात ही एवढी मोठी मगर. कॉमिक्स!

"देवाच्या दारात मगरी आणता?"

"निरूपण चालू असलं की पेटीले काम नसते. हात रिकामे राहतात."

"अन् कान?"

"कान बुवांकडंच होते. डोळे जरा पुढं निघून गेले."

त्याचं नाव शालिकराम. बुधवार बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान. मी म्हटलं, "द्या इकडं. देवळातून आलंय म्हणजे प्रसादच तो." तो बघतच राहिला आणि मी ते पुस्तक पदराआड घालून मामीच्या मागे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर, उन्हाकडे पाठ करून, मी आयुष्यातलं पहिलं कॉमिक्स वाचलं. आधी चौकटी वरून खाली वाचल्या. मगर मेली आणि मग तिनं नावेवर झडप घातली. मग आडवं वाचून पाहिलं, तेव्हा कुठे जमलं. मी काही त्या पुस्तकांची भक्त झाले नाही. आजही हाती आलं तर वाचते, नाही आलं तर अडत नाही. पण त्या दिवशी एक गंमत वाटली. दोन चौकटींच्या मधे एक पांढरी पट्टी असते. एका चौकटीत नावाड्यानं वल्हं उचललेलं, पुढच्या चौकटीत मगर उलटी पडलेली. वल्हं बसलं कधी? ते त्या पट्टीत. बुवा नाही का, ऐन रंगात येऊन थांबतात, उपरण्यानं कपाळ पुसतात, आणि तेवढ्या वेळात आपल्याच मनात सगळं घडून जातं? तस्संच. फक्त कीर्तनात कानांनी चित्र दिसतं आणि इथे डोळ्यांनी आवाज ऐकू येतो.

संध्याकाळी अवकाळी भुरभुर सुरू झाली. बुवा यायचे होते. मी देवळाच्या ओसरीत उभी, तो पेटी धोतराच्या फडक्यात गुंडाळून धावत आला. केसांवरून थेंब गळत होते.

"कसं वाटलं?"

"नावाडी चांगला आहे. पण ती राजकन्या... किती तोऱ्याची पोट्टी! तो बिचारा पानोपानी सांगून राहिला की तुझ्याशिवाय माझी नाव रिकामी, अन् ती आपली पाण्याकडं पाहून राहिली. हो नाही की नाही नाही. माणसानं काही उत्तर द्यावं का नाही?"

तो असा हसला की पेटी टेकवून पायरीवर बसलाच.

"काहून हसता?"

"अहो, तो बोललाच कुठं? हे पहा." त्यानं पान उघडलं. ओलं बोट एका गोलाच्या टोकावर टेकवलं. "ह्याले शेपटी आहे. शेपटी तोंडाले टेकली, म्हणजे बोलला. अन् हे... ढगासारखं, खाली बुडबुडे, हे मनातलं. राजकन्येले ऐकूच नाही गेलं."

मी पाहिलं. खरंच, नावाड्याच्या डोक्यावर सगळे ढगच ढग.

"मग तिले कळणार कसं?"

"नाही कळणार."

"असा कसा भैताड नावाडी!"

"भैताड नाही जी," तो हळूच म्हणाला, "भीत असंल."

त्यानं हे पुस्तकाकडे बघून म्हटलं नव्हतं. मी घाईघाईनं पाऊस बघायला लागले...

मग रोजचंच झालं. कीर्तनाआधी ओसरीत तो नवं पुस्तक द्यायचा, मी जुनं परत करायची. कधी पानांतून संत्र्याच्या सालीचा वास यायचा, कधी घड्याळाच्या तेलाचा. निरूपणाच्या वेळी तो आता वाचत नसे. डोळे मात्र तरीही बुवांकडे नसायचे. मी मान वर केली की तो भात्याशी काहीतरी करायचा.

काल्याच्या आदल्या दिवशी मामीनं वाती वळता वळता सांगितलं, "उद्या दुपारी पारशिवनीचे पाहुणे येऊन राहिले. तुले पाहाले. पोरगा शेतीवाडीवाला आहे. साडी हिरवी नेस." म्हणजे मी नुसत्या कीर्तनाला आले नव्हते तर.

संध्याकाळी ओसरीत मी त्याला ते सांगून टाकलं. त्याचा हात पुस्तकावर थांबला.

"बरं," तो म्हणाला.

"एवढंच?"

"पारशिवनीकडं... जमीन चांगली आहे म्हणतात."

"जमिनीचं कोण विचारून राहिलं? तुमच्या डोक्यावर केव्हाचे ढग दिसतात मले. वाचता नाही येत."

तो काही बोलणार, तेवढ्यात बुवा आले. त्या दिवशी आख्यान होतं पोह्यांची पुरचुंडी घेऊन द्वारकेला गेलेल्या गरीब मित्राचं. मागायला गेला आणि काहीच न मागता परत निघाला. मी रडले. दरवर्षी रडते, पण त्या दिवशी जरा वेगळंच.

कीर्तन सुटल्यावर तो गर्दीतून जवळ आला. "तो तर काहीच बोलला नाही. तरी द्वारकेत समजलं नं?"

"ते देवाले," मी म्हटलं. "देवाले ढग वाचता येतात. माणसाले शेपटी लागते."

आणि मी मागे न बघता मामीबरोबर निघाले.

काल्याचं कीर्तन सकाळी. मी हिरवी साडी नेसून बसले होते. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, बुक्का लावला, साथीदारांना लावला. एवढ्यात शालिकराम पेटीवरून उठला. कपाळावर वाकडा बुक्का, थंडीत घामेजलेला. थेट बायकांच्या बाजूला आला आणि मामीच्या पाया पडला.

"मामी, मी शालिकराम. घड्याळाचं दुकान आहे, घरी आई आहे. मले चारुलतेसाठी... पाहुणे यायच्या आधी विचाराचं होतं."

रांगेतल्या सगळ्या वाती थांबल्या. मामीची तेवढी चालू.

"तिले विचारलं?"

"नाही."

"मग मले काहून विचारून राहिला? लग्न मी करून राहिली काय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तो माझ्याकडे वळला. बोट स्वतःच्या ओठांना टेकवलं.

"हे ढगातलं नाही. मले तूच पाहिजे. आता तू सांग वं, चारू."

इतके दिवस 'जी' म्हणणारा हा माणूस... एका 'वं'नं माझी वाचाच गेली. पानोपानी बडबडणारी मी, आणि डोक्यावर नुसते बुडबुडे.

"पेटी! चला, जाग्यावर," बुवांनी हाक मारली. तो गेला. बसला. बुवांनी उत्तररंगाची ओळ टाकली.

पेटी वाजली नाही.

बुवांनी ओळ पुन्हा म्हटली. चिपळ्या थांबल्या. त्याचे हात भात्यावर होते, पुढ्यात पुस्तक नव्हतं, आणि तो सरळ माझ्याकडे पाहत होता. वाट बघत.

मामी वातीवरची नजर न काढता पुटपुटली, "बोल नं वं लवकर. पाहुण्यायसाठी पोहे भिजवाचे का नाही, मले कळू तर दे."

मी डोळे मिटले, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि ओळ उचलली. उंच, मोकळी, अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल अशी. दुसऱ्या शब्दाला पेटी येऊन मिळाली.

मामीनं वळलेली वात ताटात ठेवली. "पोहे भिजवतेच," ती म्हणाली. "पाहुण्यायले नाही म्हणून सांगा, अन् त्याच्या आईले बोलवा."