परत सांगा, हळू सांगा

गिरिजा, चहा घे आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घे बाई, मधेच हसलीस तर मला पुढचं सांगता येणार नाही. आमचं घर तुला माहीत आहे. भूतखेत, अंगारे-धुपारे आमच्याकडे कधी कोणी मानलं नाही. बाबा गेले तेव्हाही भन्तेजींनी परित्राण पाठ केला, पुण्यानुमोदन झालं, बस. मागे काही उरतं असं आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

गेल्या शनिवारची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. आई ट्रामने विहारात वंदनेला गेली होती, किचनमध्ये मी एकटी. दुसऱ्या दिवशी माझी बँकॉकची फ्लाइट. सम्यक, माझा धाकटा भाऊ, तीन महिन्यांसाठी चीवर घेऊन, भिक्षू होऊन थायलंडच्या उत्तरेला जंगलातल्या एका विहारात राहायला गेला होता. त्या शनिवारच्या नऊ दिवस आधी पहाटे पिंडपाताला, भिक्षा मागायला निघाला, तो परतलाच नाही. तिथल्या भन्तेंना इंग्लिश येत नाही, पोलीस फोन इकडून तिकडे फिरवतात. आईने जेवण सोडलं होतं. शेवटी म्हटलं, मीच जाते, गावोगाव त्याचा फोटो दाखवते. त्यासाठी चार वाक्यं तरी यायला नकोत?

हॉस्पिटलच्या फार्मसीतून आले की रोज रात्री थाईचे धडे घोकत होते. त्या दिवशी ट्रान्सलेशनचं ॲप उघडून फोन टेबलावर ठेवला. त्यात संभाषणाची सोय असते. फोन आपला आपण ऐकतो. मराठी बोललं की थाई करून देतो, थाई बोललं की मराठी.

"माझा भाऊ कुठे आहे?" मी म्हटलं. फोन ते थाईत बोलला, मी त्याच्यामागून बोलले. असं तीनदा. मग पाणी प्यायला उठले आणि बघते तर माइकचं चिन्ह हलतंय. मी गप्प होते गं. स्क्रीनवर थाई अक्षरं उमटली, खाली मराठी: "तू कोण?"

शेजारचा टीव्ही असेल म्हटलं. पण शेजारचं घर नाताळपासून रिकामं आहे.

आता माझा मूर्खपणा ऐक. इतकं घोकल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी मला धड्यातला प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर येत होतं! वर्गातल्या आगाऊ मुलीसारखी मी थाईत म्हणून टाकलं, "बहीण."

"कधी येणार?"

"फ्रुङ्नी," मी म्हटलं. उद्या.

खोलीत गवती चहाचा वास यायला लागला. जानेवारीत, आमच्या घरात गवती चहाची काडी नाही. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. पण उत्तर तोंडात तयार असलं की थांबता येत नाही...

"कोणाबरोबर?"

"खोन दियाव." एकटी.

"घर कुठे?"

मी नॉटिंगहॅम म्हटलं. फ्रिजची घरघर तेवढी. मग अक्षरं आली: "परत सांगा. हळू सांगा."

आणि मी सांगितलं गं! एकेक अक्षर, गल्ली, घराचा नंबर, सगळं. इतक्यात फोन वाजला. मी किंचाळलेच.

"ताई..." सम्यक होता. आवाज खोल गेलेला. "मी रोडवर आहे. ट्रकवाल्याच्या फोनवरून बोलतोय."

"अरे होतास कुठे तू? आई मरायला टेकली आहे इथे!"

"एक म्हातारी होती. तिने पात्रात भात वाढला, बस म्हणाली... आणि मला उठताच आलं नाही. रोज तेच, बस, बस. आत्ता म्हणाली, जा तू. तुझी बहीण येणार उद्या, एकटी." तो रडायला लागला. "ताई, डोन्ट कम. प्लीज... तू नको येऊ."

मी तिकीट रद्द केलं. सम्यक बुधवारी घरी आला. वर झोपलाय, बारीक झालाय, पण पोटभर जेवतोय. ॲप मी काढून टाकलं. ताण होता, झोप नव्हती, त्यातून भास झाला, अशी आठवडाभर स्वतःची समजूत घालत होते. तो कुठे होता म्हणून विचारलं की तो भिंतीकडे तोंड करून झोपतो.

आणि आज तुला का बोलावलं, तर मघाशी आई विहारातून आली. सम्यक आल्यापासून पहिल्यांदाच इतकी खूश दिसली.

"अगं शीला, ट्रामस्टॉपवर एक म्हातारी भेटली. आपल्यातली नव्हे, पण चक्क मराठी बोलत होती! अडखळत, एकेक शब्द, धडा म्हटल्यासारखी. इतकं कौतुक वाटलं मला!"

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"विचारत होती, बहीण घरी आहे का. मी आहे म्हटलं." आई बूट काढत हसली. "माझी पिशवी धरून इथवर आली बिचारी. आत ये, चहा घे म्हटलं, तर लाजली. पायरीवरच उभी राहिली."

मी अजून दाराकडे गेलेले नाही, तुलाही आईनेच दार उघडलं. गिरिजा, खरं सांग... तू आत आलीस तेव्हा तिथे कोणी होतं?