नव्या फाईलमधली हाक

पटो न पटो, हे माझ्या घरात घडलं आहे. गाव हसनाबाद, दिवस मागच्या आषाढ अमावस्येचा. भर दुपार होती.

माझी बायको आशाबाई जाऊन दोन वर्षं झाली. तिचा आवाज फक्त माझ्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये उरला होता. शेळ्यांना घरी बोलावतानाचा. प्रत्येकीला नाव घेऊन. "ये गं मोरी, ये..." अशा पाच हाका.

मला तो आवाज कायमचा ठेवायचा होता.

पुतणी मोनिका जालन्याला एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर असते. त्या दुपारी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. म्हणाली, ही फाईल जुन्या प्रकारची आहे, पुढं कशातच उघडणार नाही. नव्या प्रकारात बदलून ठेवू. पण बदलताना आतलं काही गळतं, म्हणून जुनी आणि नवी शेजारी लावून तपासावी लागते.

तिनं तपासलं.

परत तपासलं.

मग उठून पंखा बंद केला...

"काका, काकूनं शेळ्या किती बोलावल्या?"

"पाच."

"जुन्यात पाचच हायेत. नव्यात सहा. बदलताना कमी होतं काका. वाढत न्हाई कधी."

तिनं ऐकवलं. ओळखीच्या पाच हाका. घुंगरांचा आवाज. मग काहीच नाही...

"ये गं चांदणी, ये."

आवाज आशाबाईचाच होता.

चांदणी माझी शेळी. जन्मली ती आशाबाई गेल्यावर. नाव मी ठेवलं होतं.

मी खुंटीकडे पळालो. दावं होतं. गळ्याची गाठ तशीच बांधलेली...

शेळी नव्हती.

केदारखेड्यापर्यंत विचारलं. कोणी पाहिली नाही. माझा मुलगा करण म्हणाला, चोरली असेल. मी न सुटलेली गाठ दाखवली, तर त्यानं दावं गुंडाळून ठेवलं.

तेव्हा ध्यानात आलं. हाकेतल्या पाचही शेळ्या आशाबाईमागं एकेक करून मेल्या होत्या. मी रोग समजत होतो.

मोनिका म्हणाली, नवी पुसून टाकू, जुनी ठेवू. पण जुनी आता उघडतच नव्हती.

"पुसू द्या काका."

"त्याच्यात ती हाय गं."

श्रावणात सून अंजूला मुलगी झाली. बारसं पुढं ढकलायला मी दर वेळी नवं कारण काढतो. नावच नसलं तर हाक कशी मारणार, एवढंच डोक्यात. अंजू चिडते. "मामा, पोरगी बसाया लागली. शेळीसारखं हुर्र हुर्र करून बोलवू का तिला?"

काल मोनिकाचा फोन आला. तिनं फाईल पुन्हा तपासली होती.

"काका, चांदणीच्या पुढं अजून एक हाक हाय."

"कोणाला?"

"नाव न्हाई घेत... नुसतं ये, ये करून राह्यली. लहान लेकराला बोलावल्यासारखं."

पोर आता माझ्या मांडीवर आहे. दार लावून घेतलंय. पुसल्यावर हाक थांबते की नाही, कोण सांगणार? आणि पुसली, तर आशाबाईचा आवाज पुन्हा कधीच नाही.

सकाळपासून मोनिकाला फोन लावतोय.

ती "बोला काका" म्हणते...

आणि मी ठेवून देतो.