काटकसरी खुर्ची

बर्गनच्या बंदरावर, पूर्वी जिथे मासे खारवत, त्या लाकडी इमारतीत आता आस्त्रिद हाउगेनची रचनाशाळा होती. तिथून दिवे, किटल्या आणि खुर्च्या जगभर जात. साधेपणा नॉर्वेइतका महाग कोणालाच विकता येत नाही. रचनाशाळेचा एक दंडक होता: नवी वस्तू प्रदर्शनात मांडण्याआधी ती घडवणाऱ्याने एक हिवाळा स्वतःच्या घरी वापरायची. म्हणून सुनेत्रा देवस्थळी या मूळच्या मिरजेच्या पदार्थशास्त्रज्ञेच्या घरात तिने घडवलेली मुलांची खुर्ची आली आणि तिची चार वर्षांची रेवा त्यात बसू लागली. त्याच साच्यातल्या खुर्च्या इतर सहकाऱ्यांच्या मुलांनाही मिळाल्या.

खुर्ची काष्ठपेशींची होती. लाकडाच्या तंतूंत सूक्ष्म यंत्रणा विणलेला हा पदार्थ बसणाऱ्याच्या भाराप्रमाणे आपला आकार बदलत असे. मूल चुळबुळ करायचं थांबलं की खुर्ची समजे, जुळणी झाली.

रेवाची चुळबुळ लवकरच थांबली. ती तासन्‌तास शांत बसे. पाहुणे कौतुक करत आणि सुनेत्रा ते ऐटीत ऐकून घेई. चार वर्षांचं मूल आपणहून हलत नाही, यात काही वावगं आहे असं एकाही शहाण्याला वाटलं नाही.

बर्फ वितळायला लागलं तसं रेवाला पलंगावर पाठ टेकवेना. सुनेत्रा तिला डॉ. गौतम रणदिवे यांच्याकडे घेऊन गेली. ते मुलांच्या हाडांचे डॉक्टर, बरीच वर्षं बर्गनमध्येच स्थायिक झालेले. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि आधी खुर्चीबद्दलच विचारलं.

"हिवाळ्यात ती किती बदलली?"

"जेमतेम. सुरुवातीला थोडी, मग नाहीच. जुळणी उत्तम होती ना."

"आणि रेवा? ती तर वाढली असेल. मग न बदललेली खुर्ची तिला जुळली कशी?"

सुनेत्रा पुढे वाकून एक्स-रे पाहू लागली.

"लहान मुलाचं हाडही भाराप्रमाणेच घडतं, तुमच्या काष्ठपेशींसारखं," डॉक्टर म्हणाले. "दोघांपैकी कोणीतरी बदलायचं होतं. मला सांगा, खुर्चीला बदलताना काही किंमत पडते का?"

"झीज होते. इथे तीन पिढ्या टिकेल तीच वस्तू चांगली म्हणतात. म्हणून मी नियम घातला होता, की शक्य तितकं कमी बदलून जुळणी साधायची. मुलाच्या झिजेचा हिशेब त्यात नव्हता."

"मग खुर्चीने तुमचं ऐकलं. स्वतःला वाचवलं आणि पोरीला हळूहळू वाकवलं. रेवाला कळलंही नसेल."

"पण सरळ होईल ना, डॉक्टर?"

"उपचार करू. पण खोटा धीर देत नाही. मणके त्याच वळणात घट्ट झालेत. दुखणार नाही अशी जागा तिला सध्या एकच आहे."

सुनेत्रा तिथून तडक रचनाशाळेत गेली. आस्त्रिदने जराही वाद घातला नाही. दोन दिवसांत सगळ्या मुलांची तपासणी करवली, त्यांचे एक्स-रे मागवले आणि प्रदर्शनासाठी ठेवलेल्या, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पाटावर सुनेत्रासमोर एकावर एक ठेवले. सगळ्या पाठींची मिळून एकच रेघ दिसत होती.

"खुर्च्या आजच परत घेऊ," आस्त्रिद म्हणाली.

सुनेत्राला हायसं वाटलं. या देशात माणसं निदान चूक कबूल करतात, असं तिच्या मनात आलं.

"पण मग ही मुलं बसतील कशावर?" आस्त्रिदची नजर त्या रेघेवरून हटत नव्हती. "बाक, गाडीतलं आसन, पलंग, या मुलांना सगळंच या वळणाचं लागणार. माणसांची मापं वेगवेगळी असतात म्हणून आपण जन्मभर रडलो, सुनेत्रा. इथे वळण एकच आहे. आधी पलंग करू. तो तूच कर, तुझं त्यात मन असेल."

"लाज वाटते का तुला?"

"वाटते. पण त्यांना झोपायला काहीतरी लागेलच ना?"

सुनेत्राने तिथल्या तिथे राजीनामा दिला. घरी येऊन खुर्ची उचलली आणि रचनाशाळेच्या गाडीत घालून परत पाठवली. तिला बरं वाटलं, पण फार वेळ नाही.

रेवा गालिच्यावर कुशीला वळून हुंदके देत होती. सुनेत्राने तिच्या पाठीशी उशा रचल्या, दुलईची गुंडाळी करून दिली. मग तिला मांडीवर घेतलं. रेवाने क्षणभर प्रयत्न केला आणि कळवळून उतरली. आईच्या मांडीवर तिला बसता येईना.

"आई, माझी खुर्ची दे ना. मी अजिबात हलणार नाही."

सुनेत्रा आत जाऊन पोटभर रडली. मग तोंड धुऊन टेबलाशी बसली आणि पलंगाचा आराखडा काढायला घेतला. मोजमाप घ्यायची गरज नव्हती, ते वळण तिनेच खुर्चीला दिलेलं होतं. दुपारी तिने तो आस्त्रिदला पाठवला आणि खाली विचारलं, पहिला पलंग लवकरात लवकर कधी मिळेल?